चि. बाळास, आजीकडून

भांड्यावर नाव कशासाठी घालतात, असं सुगंधाबाईंना कुणी विचारलं तर त्या मान वर न करता सांगायच्या, "परत यावं म्हणून." लग्नघरात चार घरची पातेली एकत्र होतात, हळदीकुंकवाला वाट्या उसन्या जातात, शेजारणीच्या डब्यातून लाडू येतात. नाव असलं की भांडं फिरत फिरत आपल्या घरी येतं. आणि येताना रिकामं येत नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची, ही रीत लालबागच्या चाळीतून शांती नगरच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आलं म्हणून काही सुटत नाही.

भाईंदर पूर्वेला एका भांड्यांच्या दुकानाबाहेर त्यांचं बस्तान होतं. एक स्टूल, नावं घालायचं विजेचं छोटं मशीन, फडकं आणि चष्मा, एवढाच पसारा. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचं मशीन हातात घेतलं आणि त्याच्यापेक्षा सुबक अक्षर काढून दाखवलं. गिऱ्हाईक आलं की प्रश्न ठरलेला असायचा, "नाव काय घालू?" मग भलेभले लोक उगाच घसा खाकरून, पदर सारखा करून स्वतःचं नाव सांगायचे. त्याची सुगंधाबाईंना मोठी गंमत वाटायची.

मग लढाई सुरू झाली.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, टीव्हीवरची लढाई टीव्हीवरच राहील. पण लढाईला पोलाद लागतं. स्टीलचा पत्रा सरकारकडे जाऊ लागला आणि भाईंदरच्या गाळ्यांतून डबे, ताटं, पेले निघत, ते निघेनासे झाले. लग्नांत प्लास्टिकचे डबे वाटायला लागले. प्लास्टिकवर कोण नाव घालणार? मग एके दिवशी सोसायटीत 'देशासाठी भांडी द्या' म्हणून टेम्पो आला. बायकांनी माळ्यावरची हंडे-पातेली उतरवून हौसेने दिली. त्या ढिगात निम्म्या भांड्यांवर सुगंधाबाईंच्या हातची अक्षरं होती. कुणाच्या मुंजीची, कुणाच्या वास्तुशांतीची, कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ. हे सगळं आता वितळणार होतं, पण सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

भूपेशभाईंचा गाळा त्याच गल्लीत होता. जेवणाच्या डब्यांचा कारखाना. माणूस काही वाईट नव्हता, कामगारांच्या पोरीबाळींच्या लग्नाला जातीने हजर राहायचा. पत्रा बंद झाल्यावर महिनाभर त्याने रिकाम्या गाळ्यात बसून माशा मारल्या आणि मग त्याला सरकारी काम मिळालं. डब्याची डाय, म्हणजे साचा, काढून प्रेसला दुसरी डाय बसवली. ज्या प्रेसमधून डबे पडायचे, त्याच प्रेसमधून आता खोलगट वाट्या पडू लागल्या. बाळाच्या पेजेच्या वाटीएवढ्या. त्या तोफगोळ्याच्या आत कुठेतरी बसायच्या. गाळ्यात सगळे त्याला कटोरी म्हणायचे.

"सुगंधाबेन, नंबर घालायचाय," भूपेशभाई त्यांच्या स्टुलापाशी येऊन म्हणाला. "मोठं मशीन यायला टाइम आहे. तोपर्यंत तुम्ही हाताने घाला."

"नाव नाही?"

"नाव कसलं? नुसता नंबर. ज्याला जाणार त्याचं नाव आपल्याला कुठे माहीत आहे?" आणि आपल्याच विनोदावर तो हसला.

सुगंधाबाई हसल्या नाहीत. "पण भूपेशभाई, हे माणसं मारायलाच ना?"

"आपण कुठे मारतो? आपण कटोरी बनवतो. पुढे त्यात कोण काय भरतं, ते आपण बघायचं नाही. आणि आपण नाही बनवली तर वसईवाला बनवेलच ना?"

 घरी लेक नीलम पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिला चांगल्या हॉस्पिटलात न्यायचं होतं, डिंकाचे लाडू करायचे होते, आणि स्टुलावर बसून दिवसभरात एक गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मशीन पिशवीत घालून गाळ्यात गेल्या.

पहिलीच कटोरी हातात घेतली आणि त्यांचा जीव हरखला. किती दिवसांनी नवं स्टील हाताला लागत होतं! गुळगुळीत, थंड, आत स्वतःचा चेहरा दिसेल असं. भूपेशभाई म्हणाला, "ही खराब निघाली तरी चालेल, आधी हात चालवून बघा." सुगंधाबाईंनी मशीन सुरू केलं. सवयीने त्यांच्या ओठांवर आलंच, "नाव काय घालू?" समोर कुणी नव्हतं. आणि हाताने आपलं आपणच लिहिलं, गेले कित्येक महिने मनात घोळत होतं तेच:

चि. बाळास, आजीकडून.

खाली पत्ताही घातला, इमारतीच्या नावासकट, शांती नगर, मीरा रोड. भांडं परत यायचं तर पत्ता हवा.

लिहून झालं आणि त्यांनी जीभ चावली. बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी साधं झबलंही आणायचं नसतं. त्यांनी कटोरी फडक्यात गुंडाळून पाण्याच्या बाटलीमागे ठेवली. जाताना भूपेशभाईला विचारून घरी न्यावी, बारशापर्यंत कपाटात दडवावी, असा त्यांचा बेत होता. मग त्या नंबर घालायला बसल्या आणि नंबर घालता घालता इतक्या गुंगल्या की जेवणाची सुट्टीसुद्धा कळली नाही.

संध्याकाळी बाटलीमागे नुसतं फडकं होतं.

"पॅकिंगवाल्यांनी उचलली असेल. लॉट गेला पण," भूपेशभाई म्हणाला. "का हो? काय लिहिलं होतं?"

सुगंधाबाईंनी सांगितलं. तो पोट धरून हसला. "अरे वा! मग तिकडे कळेल, कोणी पाठवलं ते. टेन्शन मत लो, सुगंधाबेन, वरून रंग लागतो. कोणाला दिसणार नाही."

पण सुगंधाबाईंच्या डोक्यातून ते जाईना. आजीने बाळाला म्हणून जे दिलं, ते आता कुठल्या बाळाकडे चाललं होतं? नीलमला त्यांनी काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी मायलेकी टीव्ही बघायच्या. आपल्या तोफा कशा धडाडतात ते दाखवायचे, खाली नाचऱ्या अक्षरांत बातम्या सरकायच्या. एकदा पलीकडचं एक घर दाखवलं. भिंत गेली होती, पण स्वयंपाकघरातली फळी जागच्या जागी होती आणि तिच्यावर पेले ओळीने पालथे घातलेले होते. कुणीतरी सकाळी घासून ठेवलेले. सुगंधाबाईंनी टीव्ही बंद केला.

"अगं, काय झालं?" नीलमने विचारलं.

"काही नाही. अशा दिवसांत हे बघू नये," त्या म्हणाल्या. आणि सकाळी पुन्हा कामाला गेल्या, कारण न जाऊन सांगतात कुणाला?

नीलमला मुलगा झाला. सगळं सुखरूप पार पडलं. हॉस्पिटलातून घरी आल्यावर सुगंधाबाईंनी त्याची दृष्ट काढली, मनगटाला काळा दोरा बांधला, आणि मनावरचं ओझं उतरलं असं त्यांना वाटलं. त्याच दिवशी दुपारी समोरच्या ब्लॉकमधली हिना दारात आली.

"आंटी, ये आपकी कटोरी. एक औरत दे गई. आप हॉस्पिटल में थीं ना, तो मेरे पास रख गई."

कटोरी एका बाजूने फाटली होती. कडा बाहेर वळल्या होत्या, तळाला भाजल्यासारखा काळा-निळा रंग चढला होता. पण घासूनपुसून लख्ख केलेली होती आणि अक्षरं स्पष्ट होती. चि. बाळास, आजीकडून. आत, जिथे ती शाबूत होती तिथे, साखर होती.

सुगंधाबाईंनी विचारलं, "कोण होती? कशी होती दिसायला?"

हिना विचारात पडली. "कैसी थी... मुझे लगा आपकी बहन होगी. आप जैसी ही थी, आंटी. उम्र भी वही. सर पे कपड़ा था."

"काय बोलली?"

"बोली, नानी को दे देना." हिना आठवू लागली. "पर किस ज़बान में बोली, ये अब याद नहीं आ रहा. समझ में तो सब आ गया था."

साखरेची कटोरी रात्रभर ओट्यावर राहिली. त्या ओट्यावर साखरेचा एक दाणा सांडला तरी मुंग्यांची रांग लागायची. सकाळी बघितलं तर एकही मुंगी नव्हती. रांग होती, पण ती ओट्याच्या कडेपर्यंत येऊन तशीच मागे वळत होती.

सुगंधाबाईंनी ती साखर कुंडीत ओतली आणि कटोरी पिशवीत घालून गाळ्यात नेली. भूपेशभाईने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. आपला माल तो लांबूनही ओळखायचा. पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

"कोणीतरी मस्करी करतंय," शेवटी तो म्हणाला. "भंगारात टाका. भट्टीत जाऊ दे."

त्यांनी टाकली. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. कुणीतरी वरचढ माणूस 'टाका' म्हणाला, की आपल्यावरचं काढून त्याच्यावर टाकल्यासारखं वाटतं, तसलंच ते बरं वाटणं होतं. भंगाराचा टेम्पो त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेला. घरी आल्या तर भांड्यांच्या मांडणीत, वाट्यांच्या रांगेत, कटोरी पालथी घातलेली होती. ओली होती. नीलम आत झोपली होती.

सुगंधाबाईंनी समोरची बेल वाजवली. हिनाने दार उघडलं. "हाँ आंटी, वो फिर आई थी. नीलम सो रही थी तो मैंने ही अंदर रखवा दी. बोली, बच्चे की चीज़ है, फेंकते नहीं."

घरात परत येऊन सुगंधाबाईंनी कटोरी उचलली. खाली काळा दोरा होता. त्यात दोन लाकडी मणी ओवलेले, आणि गाठ मारून केलेलं कडं इतकं लहान की त्यांच्या दोन बोटांतही गेलं नसतं. त्या धावत आत गेल्या आणि नातवाचं मनगट दुपट्यातून बाहेर काढलं. त्याचा दोरा जागेवर होता. हा दुसऱ्या कुणाचा होता.

त्या तिथेच पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांना रडू कोसळलं. आता त्यांना सगळं कळत होतं. भांडं भरून आलं म्हणजे भरून पाठवायला हवं. एकदा साखर आली, एकदा हा दोरा आला. त्या बाईच्या घरात द्यायला आणखी काही उरलं नसावं. आणि यांच्या घरात या दोऱ्याच्या तोडीचं एकच होतं, ते दुपट्यात गुंडाळून समोर झोपलं होतं. तेच ती मागायला येणार, याबद्दल सुगंधाबाईंच्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही.

त्यानंतर त्या गाळ्यात गेल्या नाहीत. निरोप पाठवला, बाळंतिणीचं करायला घरी कुणी नाही. दाराला आतून कडी घातली. बेल वाजली की आधी भोकातून बघायच्या. बारसं करू नकोस, निदान पुढे ढकल, असं त्यांनी नीलमला सुचवून पाहिलं. नीलम चिडली. "आई, तुझं काय चाललंय? बाळाला नाव नको का?"

सुगंधाबाईंनी बारशाला मान डोलावली. गाळ्यात नुसते नंबर घालून आल्यावर नावाशिवाय राहण्याचं दुःख त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

बाराव्या दिवशी दुपारी बारसं झालं. जावई यतीनच्या घरची माणसं आली, सोसायटीतल्या बायका आल्या, हिना शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली. भूपेशभाईही आला. त्याने सुगंधाबाईंच्या हातात एक कागदात गुंडाळलेली वस्तू ठेवली.

"एक नग बाजूला काढला," तो हळूच म्हणाला. "बाळाच्या पेजेसाठी. स्टीलची वस्तू आता मिळते कुठे? नाव तुम्हीच घाला."

कागदात कोरी कटोरी होती. सुगंधाबाईंनी ती तशीच त्याला परत दिली. तो गोंधळला. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, म्हणून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

रीतीप्रमाणे आधी वरवंटा दुपट्यात गुंडाळून पाळण्याखालून इकडून तिकडे दिला, मग बाळाला. सुगंधाबाई एका बाजूला वाकल्या होत्या. पाळण्याच्या वरून बाळ त्यांनी यतीनच्या बहिणीकडे दिलं. खालून ते परत त्यांच्याकडे यायचं होतं. त्यांनी पाळण्याखाली हात पसरले. बाळ आलं, पण देणारे हात यतीनच्या बहिणीचे नव्हते. बांगड्या नसलेले, काळवंडलेले, नखांत राख असलेले हात होते. आणि ते बाळाला सोडत नव्हते.

सुगंधाबाईंनी मान उचलली. ती समोरच बसली होती, डोक्यावर कपडा घेऊन. यतीनच्या माणसांना वाटलं, ही नीलमच्या माहेरची. नीलमच्या माणसांना वाटलं, ही यतीनकडची. समारंभात अशी एक तरी बाई असतेच, जिला कुणी काही विचारत नाही.

सुगंधाबाई ओरडू शकल्या असत्या. घरभर माणसं होती. पण ओरडून काय सांगणार होत्या? की हिच्या घरी मी काहीतरी पाठवलं होतं, माझ्या हाताने, माझं अक्षर घालून, आणि आता ही आली आहे? त्या बाईच्या डोळ्यांत राग असता तर त्यांनी बाळ हिसकावून घेतलं असतं. राग नव्हता. नुसती भूक होती, आणि ती भूक कसली हे सुगंधाबाईंना पुरतं ठाऊक होतं.

त्यांनी आपले हात काढून घेतले.

त्या बाईने बाळ उचलून मांडीवर घेतलं. त्याच्या टाळूला नाक लावलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. सुगंधाबाईंना वाटलं, आता संपलं. घरात फुगे होते, घुगऱ्या होत्या, आणि कुणीतरी मोठ्याने हसत होतं. मग त्या बाईने बाळाचं दुपटं नीट केलं, त्याची मूठ आत घातली, आणि जसं घेतलं तसंच त्याला सुगंधाबाईंच्या ओंजळीत परत ठेवलं.

बाळ उबदार होतं. त्याने जांभई दिली.

तिने ते घेतलं असतं तर सुगंधाबाईंनी जन्मभर तिला शिव्या घातल्या असत्या आणि फिटंफाट झाली म्हटलं असतं. तिने परत दिलं. आता कुणाला शिव्या घालणार?

आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे पडले, हशा पिकला. त्या गडबडीत ती बाई उठून स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली होती. सुगंधाबाई बाळाला नीलमजवळ देऊन तिच्या मागे गेल्या. मांडणीतली फाटकी कटोरी तिने काढून हातात धरली होती. 'चि. बाळास' या अक्षरांवर तिने बोट ठेवलं. मग बोट पुढे सरकवलं, जिथे कोरी जागा होती.

सुगंधाबाईंना कळलं. असल्या कामात त्यांना कधी दोनदा सांगावं लागलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून मशीन काढलं, ओट्याजवळच्या प्लगला लावलं, डोळ्यांवर चष्मा चढवला.  "नाव काय घालू?" त्यांनी विचारलं.

ती बाई वाकली आणि तिने सुगंधाबाईंच्या कानात नाव सांगितलं, आत्याने नुकतंच सांगितलं होतं तसंच, तोंडाशी हात धरून. ते नाव कुठल्या बोलीतलं होतं कोण जाणे. सुगंधाबाईंनी ते ऐकलं तसं घातलं, आपल्या सगळ्यात सुबक अक्षरात, आणि फडक्याने पुसून कटोरी तिच्यासमोर धरली. रिकामी द्यायची नाही म्हणून त्यात दोन मुठी घुगऱ्या घातल्या. तिने कटोरी कपाळाला लावली आणि दाराबाहेर पडली.

गॅलरीतून भूपेशभाईची हाक आली. "सुगंधाबेन, ही खाली लाइन कसली आहे? राशन आलंय काय?"

सुगंधाबाई गॅलरीत गेल्या. खाली, गेटपासून जिन्यापर्यंत, भर उन्हात बायका उभ्या होत्या. म्हाताऱ्या होत्या, तरण्याही होत्या. रांग गेटच्या बाहेर वळून दुकानांपुढून लांब गेली होती, आणि तिचा शेवट दिसत नव्हता. कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकीने दोन्ही हातांत काहीतरी धरलं होतं आणि ते उन्हात चमकत होतं.

बाकीच्या कटोऱ्यांवर नुसते नंबर होते. नंबरावरून कुणाचं घर सापडत नाही. त्या सगळ्यांमध्ये पत्ता एकीवरच होता, म्हणून सगळ्या त्याच पत्त्यावर आल्या होत्या.

भूपेशभाईने डोळ्यांवर हाताची सावली केली. आपला माल त्याने ओळखला. हातातली कोरी कटोरी त्याने नकळत खिशात कोंबायचा प्रयत्न केला, पण ती खिशात मावेना.

"सुगंधाबेन," त्याने विचारलं, "किती आहेत या?"

"मला काय विचारता? मोजून तर तुम्ही पाठवल्यात."

त्या आत आल्या. स्टूल उचलून त्यांनी दाराच्या तोंडाशी ठेवलं, मशीनची वायर तिथपर्यंत ओढली आणि हिनाला म्हणाल्या, "बेटा, तुझ्याकडे असेल नसेल ती सगळी साखर आण." मग दाराची कडी काढली. जिन्यात पावलं वाजत होती. पहिली बाई वर आली, तिने कटोरी पुढे केली. सुगंधाबाईंनी ती फडक्याने पुसली, मांडीवर घेतली आणि विचारलं, "नाव काय घालू?"